पहिल्याच रिळात मेलेली बाई

लॉन्ड्रीतली बाई मेली तेव्हा सुहासिनीबाईंच्या हातातला चहा अजून गरम होता.

टीव्हीवर दुपारचा काळापांढरा सिनेमा चालू होता. 'टेरर अ‍ॅट पाईल सेव्हन' असं काहीतरी नाव. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्याबाहेर अणुभट्टी, जाड चष्म्यांचे शास्त्रज्ञ, तोंडात पाईप धरलेला पोलीस इन्स्पेक्टर. एका शास्त्रज्ञाच्या पांढऱ्या कोटावर काहीतरी सांडतं, तो ते कोणाला सांगत नाही, आणि कोट गावातल्या लॉन्ड्रीत जातो. तिथली बाई अंगानं भरलेली, हसरी, केसांना रुमाल बांधलेली. गुणगुणत ती तो कोट धुते, पिळते, इस्त्री करते. पुढच्या दृश्यात तिचे हात अंधारात चमकतात. त्याच्या पुढच्यात ती जमिनीवर पडलेली असते. इन्स्पेक्टर वाकून बघतो, टोपी काढतो, म्हणतो, "आता वेळ घालवून चालणार नाही." आणि सिनेमा त्याच्या मोटारीबरोबर भरधाव पुढे निघून जातो.

सुहासिनीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या स्वरांगीनं आजीचा चेहरा पाहिला.

"आजी, शी'ज डेड," ती समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "बट इट्स ग्रँड. शी'ज नॉट द मेन वन."

नऊ वर्षांच्या नातीला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इथल्या शाळेतल्या मुलींसारखं; त्यांच्यात 'ग्रँड' म्हणजे 'ठीक'. सुहासिनीबाईंनी कप खाली ठेवला आणि मागचं दार उघडून त्या बागेत गेल्या.

एप्रिल होता. ऊन होतं, वारा मात्र हाडात शिरत होता. बागेच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शेजारची मॉरीन आधीच येऊन उभी होती, अंगात स्वेटर, त्यावर शाल. ऐंशी ओलांडलेल्या मॉरीनला सरकारनं साथीमुळे घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ही भिंत म्हणजेच तिचं बाजार, चर्च आणि चहाचं दुकान. सिनेमा तिनंच सुचवला होता. लहानपणी तिनं तो गावातल्या थिएटरात बोटांच्या फटीतून पाहिला होता.

"बाई गेली ना?" मॉरीननं विचारलं. "मी अशी किंचाळले होते की आईनं पुढे कितीतरी दिवस मला सिनेमाला सोडलं नाही."

सुहासिनीबाईंचं इंग्रजी हळू चालायचं, पण पडायचं नाही. त्या म्हणाल्या, "ते माझं काम होतं."

"कुठलं?"

"त्या बाईचं. अणुवीज केंद्रात. मी तिथले कपडे धुवायचे."

मॉरीन अर्धं पाऊल मागे सरली. मग आपण मागे सरलो हे तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला ती प्रेस म्हणायची, अजून आयोडीनच्या गोळ्या होत्या. वीसेक वर्षांपूर्वी सरकारनं घरोघर वाटल्या होत्या, समुद्रापलीकडे इंग्लंडातल्या अणुभट्टीत कधी काही झालंच तर असू द्याव्यात म्हणून. त्यांची तारीख केव्हाच उलटून गेली होती. "पण फेकवत नाहीत बघ," ती म्हणाली. मग जरा थांबून, अवघडत तिनं विचारलं, "आणि तुला कधी काही झालं नाही?"

सुहासिनीबाईंनी विचार केला. "गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या.

मॉरीन इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

सुहासिनीबाई जानेवारीत आयर्लंडमधल्या डंडॉकला मुलाकडे आल्या होत्या, उन्हाळ्याच्या आत परत जायचं म्हणून. मार्चमध्ये कोविडमुळे विमानं बंद झाली आणि त्या इथेच राहिल्या. मुलगा आशिष पैशांच्या ऑनलाइन व्यवहारांच्या एका कंपनीत होता. त्याचं ऑफिस आता वरच्या बेडरूममध्ये आलं होतं. सकाळी तो जिना चढून जायचा आणि संध्याकाळी डोळे चोळत खाली यायचा. सून अक्षया डॉक्टर होती, हॉस्पिटल गाडीनं अर्ध्या तासावर. गेल्या महिन्यापासून ती घरात येतच नव्हती. गॅरेजला लागून, एक दार बैठकीच्या खोलीकडेही उघडणारी चिंचोळी खोली होती, सायकली आणि सुटकेसी ठेवायची, तिथे तिनं गादी टाकली होती. कपडे गॅरेजमधल्या मशीनमध्ये तीच टाकायची. जेवणाचं ताट पायरीवर ठेवायचं, सगळे आत गेले की ती उचलायची. स्वरांगी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवायची. अक्षयाही हात हलवायची, मग पटकन तोंड फिरवायची.

त्या दिवशी संध्याकाळी अक्षयाची गाडी आली, पण ती खोलीत गेली नाही. गॅरेजच्या उघड्या दारात कपड्यांची पिशवी हातात धरून उभी राहिली. मास्कचे वळ गालांवर उमटलेले होते. हात धुऊन धुऊन बोटांची कातडी भेगाळली होती.

"आशिष, खाली ये जरा," तिनं हाक मारली. तो आला तसं ती म्हणाली, "आमच्या एका डॉक्टरचं अपार्टमेंट रिकामं आहे. तो घरच्यांकडे गेलाय. मी शनिवारपासून तिकडे राहते. हे सगळं संपेपर्यंत."

"हे संपणार कधी?" आशिषनं विचारलं.

"मला काय माहीत? आज वॉर्डात..." ती थांबली. "इथे आई आहेत, स्वरू आहे. माझ्यामुळे घरात कोणाला काही झालं तर मी काय करू? तिकडे गेले तर निदान झोप तरी लागेल."

खिडकीची काच थोडी सरकलेली होती. आतून स्वरांगीचा आवाज आला, "फॉर हाऊ लाँग, मॅमी?"

अक्षयानं पिशवी मशीनपाशी टाकली आणि ती खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षया कामावर गेल्यावर सुहासिनीबाई गॅरेजमध्ये शिरल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत नजरेनं जागा मोजली. मग त्यांनी आशिषला हाक मारून बागेतला लाकडी बाक आत आणायला लावला.

"कशाला?"

"आण तर खरा. आणि तुझ्या ड्रॉवरमध्ये लाल चिकटपट्टी होती ना, ती."

बाक त्यांनी गॅरेजच्या मधोमध आडवा ठेवून घेतला आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून भिंतीपर्यंत जमिनीवर लाल पट्टी चिकटवली. रस्त्याकडच्या बाजूला झाकणाची बादली ठेवली, मशीनची तोंडाची बाजू तिकडे करून घेतली. घराकडच्या बाजूला खुंटीवर धुतलेला गाऊन, खाली सपाता, हात धुवायला गरम पाण्याचा थर्मास आणि घमेलं, आणि भेगांसाठी खोबरेल तेलाची बाटली. आशिष मशीन सरकवता सरकवता आईकडे बघत होता. हे सगळं करताना तिची मान वेगळीच ताठ झाली होती. अशी ताठ मान त्यानं कधीतरी पाहिली होती, अणुवीज केंद्राच्या कॉलनीतल्या बसथांब्यावर, तो शाळेत असताना. तेव्हा तो थांब्यापासून थोडा दूर उभा राहायचा. कॉलनीत शास्त्रज्ञांची मुलं होती, इंजिनिअरांची होती. आई ऑफिसात आहे, एवढंच तो सांगायचा. पुढे लग्न ठरतानाही 'आई अणुऊर्जा विभागातून निवृत्त' एवढंच लिहिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी अक्षया आली आणि बाक बघून थबकली.

"आई, हे काय आहे?"

"तिकडेच थांब," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्या लाल पट्टीच्या घराकडच्या बाजूला उभ्या होत्या, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे. "बाकावर बस. एक बूट काढ, पाय जमिनीला न टेकवता इकडे घे. मग दुसरा. कपडे त्या बादलीत. पुढचं मी बघते. तू खोलीत जायच्या आधी हात धुऊन तेल लाव, बास."

"आई, मला माहीत आहे हे सगळं. मी रोज करते हॉस्पिटलमध्ये."

"तुला माहीतच आहे गं. मी कुठे शिकवतेय? मी फक्त तुझे कपडे धुणार आहे."

"नाही, तुम्ही हात लावायचा नाही," अक्षयाचा आवाज चढला. "तुमचं वय काय, तुम्हाला बीपी आहे. काही झालं तर मी आशिषला काय सांगू? प्लीज आत जा ना."

सुहासिनीबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी मागून स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि तिथेच बसल्या. आशिष दारात येऊन उभा राहिला होता.

"यानं तुला कधी सांगितलं नसेल," त्या म्हणाल्या. "बोईसरजवळ अणुवीज केंद्रात मी लॉन्ड्रीत होते. भट्टीच्या भागात जाणाऱ्या माणसांचे कपडे धुवायचं काम. याचे बाबा तिथे फिटर होते. हायवेवर स्कूटरला ट्रकनं उडवलं, आणि त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण नव्हतं फार, म्हणून लॉन्ड्री."

अक्षयानं आशिषकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"लॉन्ड्रीत?" ती बाकावर बसली. तिला बहुधा उभं राहवतच नव्हतं.

"हो. प्रत्येक कपडा धुतला की किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरखालून काढायचा. आवाज आला की परत धुवायचा. छातीवर एक बॅज असायचा. फार पूर्वी त्याच्या आत फोटोची फिल्म असायची. ती काळी पडली तर माणसाला लागलं, कोरी राहिली तर माणूस ठीक. पुढे आतली वस्तू बदलली, पण जुन्या बायका फिल्मच म्हणायच्या. लोक आपले फोटो चांगले यावेत म्हणून धडपडतात. आमची फिल्म कोरी आली की आम्हाला बरं वाटायचं."

बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी गाडी गेली.

"पहिलं वर्ष मी फार घाबरलेली होते. कोणी काही समजावलं तरी डोक्यात जायचं नाही. घरी आले की अंघोळ करायची, परत अंघोळ करायची, आणि तरी याला जवळ घ्यायची नाही. हा सहा वर्षांचा. बाप नुकताच गेलेला. रात्री माझ्या अंथरुणाकडे सरकायचा आणि मी याला ढकलायची. शेजारच्या बाईंकडे झोपवायची कधीकधी. मला वाटायचं, माझ्या अंगातून काहीतरी याच्या अंगात जाईल."

आशिषनं मान वर केली.

"आमच्यात विभावरीबाई म्हणून होत्या, सगळ्यांत जुन्या. एक दिवस जेवायच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? मी म्हटलं, लांब ठेवते मी त्याला. त्यांनी डबा बाजूला ठेवला. म्हणाल्या, तुझी फिल्म दर वेळी कोरी येते. इथलं काही तू घरी नेत नाहीस, फक्त भीती नेतेस. ती मीटरवर दिसत नाही म्हणून काय झालं."

अक्षया हळूच म्हणाली, "पण आई, इथे बॅज नाहीये. माझी फिल्म कोरी आहे की काळी, मला कळत नाही. कळेल तोवर उशीर झालेला असेल."

"हो," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ते खरं आहे. त्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही. म्हणून स्वरूला मिठी मार असं मी म्हणत नाही. लांबच राहा. पण याच घरात लांब राहा. भिंतीपलीकडून तिला तुझा खोकला ऐकू येऊ दे, तुझा फोनवरचा आवाज ऐकू येऊ दे. दुसऱ्या गावात जाऊन लांब राहिलीस तर ते वेगळं होतं. मी एकाच घरात राहून केलं होतं आणि तरी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "तुझे कपडे माझ्यावर सोड. तुझं एवढं एक काम कमी होईल."

अक्षया खाली वाकली. बुटाची नाडी सोडायला तिला वेळ लागला, कारण तिला दिसत नव्हतं. मग एक पाय तिनं बाकावरून अलीकडे घेतला.

आशिष वर गेला.

शनिवार आला आणि गेला. अक्षया गेली नाही. चिंचोळ्या खोलीतच राहिली, पण आता संध्याकाळी तिच्या दाराबाहेर स्वरांगी खुर्ची टाकून बसायची आणि दाराला पाठ लावून गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. सुहासिनीबाई रोज बादली उचलून मशीनमध्ये रिकामी करायच्या, बादली धुवायच्या, मोजे धुवायच्या, मग हात. कपडे बागेत दोरीवर वाळत पडले की मॉरीन भिंतीवरून विचारायची, "आज कशी आहे तुमची डॉक्टर?" भिंतीवर कधी तिच्या स्कोन्सची, म्हणजे छोट्या गोड पावांची, बशी ठेवलेली असायची, कधी इकडून शिऱ्याची.

मे महिना लागला. घरापासून पाच किलोमीटरपर्यंत फिरायची परवानगी मिळाली, आणि त्याच आठवड्यात अक्षयाला सकाळी चहाचा वास आला नाही. कप नाकाशी धरून ती पुन्हा पुन्हा हुंगत राहिली. मग तिनं खोलीतूनच आशिषला फोन केला. टेस्ट पॉझिटिव्ह आली.

पहिले काही दिवस ताप हटेना. ताट पायरीवरून जसंच्या तसं परत यायचं. आशिष जेवणाच्या टेबलाशी बसून भाताकडे बघत एकदा म्हणाला, "त्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली असती तर बरं झालं असतं."

तो आईकडे बघत नव्हता, पण सुहासिनीबाईंना ते नीट ऐकू गेलं. त्या दुपारी त्यांनी मशीन लावलं नाही. मागच्या पायरीवर बसून राहिल्या. स्वरूला शिंक आली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आपण बोललो, आपण थांबवलं, आणि आपल्याला काय कळत होतं? तिकडे सगळं मोजता येत होतं. इथे आपण अंदाजानं एका घराची जोखीम घेतली. त्यांना विभावरीबाईंची आठवण आली आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर थोडा रागही आला.

मॉरीन भिंतीशी आली. तिला सगळं माहीत होतं. औषध, डॉक्टर, देव यांतलं काही तिनं काढलं नाही. ती म्हणाली, "तू त्या दिवशी सिनेमा अर्धाच टाकून उठलीस. पुढचं सांगू?"

सुहासिनीबाईंनी मान डोलावली.

मॉरीननं सांगायला सुरुवात केली. तो पाईपवाला, तिच्या भाषेत 'युअर मॅन', चोरीला गेलेली डबी शोधत बंदरापर्यंत जातो. शास्त्रज्ञ खलनायक निघतो. दीपगृहावर मारामारी होते, डबी समुद्रात पडते, आणि सगळे सूर्योदयाकडे बघतात. "अगदी ग्रँड शेवट," ती म्हणाली.

"आणि ती बाई?"

"कुठली? लॉन्ड्रीतली?" मॉरीननं डोळे बारीक केले. "तिचं नंतर काही नाही. हां, तिची मुलगी असते ना. तरुण पोरगी. ती येते मधेच."

"तिला मुलगी होती?"

"तू तेव्हा बाहेर आली होतीस. थांब, तो परत लागणार आहे. हे लोक एकच सिनेमा दहादा दाखवतात."

तो खरोखरच पुढच्या आठवड्यात लागला. तोवर अक्षयाचा ताप उतरला होता. अशक्तपणा होता, पण आवाज परत आला होता, आणि बाकी कोणालाही काही झालं नव्हतं. स्वरांगीनं टीव्ही दाराच्या दिशेनं फिरवला, चिंचोळ्या खोलीचं दार हातभर उघडलं, मधे लांब मोकळी जागा सोडली. आत गादीवर भिंतीला टेकून मास्क लावलेली अक्षया, बाहेर सोफ्यावर आजी आणि नात, बागेकडच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. थंडीनं स्वरांगी पांघरुणात गुरफटून बसली होती. भिंतीपलीकडे मॉरीनच्या टीव्हीवर तेच संगीत एक क्षण मागे ऐकू येत होतं.

बाई गुणगुणत आली, कोट धुऊ लागली.

"आई," आतून अक्षया म्हणाली, "हिला साधे मोजेसुद्धा नाही दिले."

"बॅज पण नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे असं चाललंच नसतं."

"नो पीपीई," स्वरांगीनं शेरा मारला, आणि आत अक्षया हसता हसता खोकली आणि खोकता खोकता हसली.

बाई मेली. इन्स्पेक्टरनं टोपी काढली. या वेळी सुहासिनीबाई उठल्या नाहीत. पुढे बऱ्याच वेळानं ती मुलगी आली. बंद लॉन्ड्रीच्या दाराशी उभी राहिली, तिच्या हातात आईचा केसांना बांधायचा रुमाल होता. इन्स्पेक्टर तिला विचारतो, तुझ्या आईनं काही सांगितलं होतं का? ती म्हणते, "ती कामाबद्दल कधी बोलायची नाही. आम्हीही विचारलं नाही." एवढंच, आणि मग परत बंदर, परत मोटारी.

सुहासिनीबाईंना मागे कुणाची तरी चाहूल लागली. आशिष जिन्याच्या तळाशी उभा होता. त्याचा हेडफोन गळ्यात लोंबत होता आणि त्यातून कोणीतरी बारीक आवाजात त्याचं नाव घेत होतं. तो टीव्हीकडे बघत होता. मग त्यानं तो आवाज बंद केला आणि येऊन पायरीवर बसला. दीपगृहावरच्या मारामारीपर्यंत तो तिथेच बसला होता.

जूनमध्ये अक्षया कामावर परत गेली आणि तिच्या स्वतःच्या खोलीत परत आली. त्या दिवशी स्वरांगी तिला इतका वेळ धरून बसली की शेवटी तिचा पाय बधिर झाला. गॅरेजमधला बाक मात्र हलला नाही. अक्षया रोज त्यावर बसून बूट काढायची आणि कपडे बादलीत टाकायची. "आई, आज फार आहेत," असं आता ती न लाजता म्हणायची. एकदा तिची एक मैत्रीण बागेत दुरून भेटायला आली होती, तिच्याशी ओळख करून देताना अक्षया म्हणाली, "या माझ्या सासूबाई. अणुवीज केंद्राच्या लॉन्ड्रीत होत्या. आमच्या घरातल्या सगळ्यांत सीनिअर." सुहासिनीबाई आत चहा टाकायला गेल्या. चहा टाकायची तशी काही घाई नव्हती.

जुलैच्या शेवटी भारतात परत नेणाऱ्या खास विमानांपैकी एकात त्यांना जागा मिळाली. जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळपासून गावाजवळच्या कूली नावाच्या डोंगरांवर ढग होते, पण वारा चांगला होता, म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी काढून धुतल्या. दुपारनंतर त्या एकट्याच दोरीवरून चादरी उतरवत होत्या. मोठी चादर वाऱ्यानं अंगाला गुंडाळत होती. मागचं दार वाजलं आणि आशिष बाहेर आला.

"दे एक टोक," तो म्हणाला.

"तुझी मीटिंग?"

"थांबेल ती." त्यानं चादरीचं टोक शोधलं. "कुठली बाजू वर?"

"शिवणीची. दोन्ही कोपरे धर. आता ताण."

दोघं बागेच्या दोन बाजूंना उभे राहिले. मधे चादर ताणली गेली. आईसारखीच ताठ मान करून त्यानं कोपरे जुळवले. मग एक पाऊल पुढे यायचं, टोक टोकाला लावायचं, परत मागे जायचं, परत ताणायचं. ते त्याला पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी जमलं.

"आई," तो मधेच म्हणाला. चादर अजून त्यांच्यामध्ये होती. "त्या वर्षी मला वाटायचं, मी बाबांसारखा दिसतो म्हणून तू मला जवळ घेत नाहीस."

सुहासिनीबाईंचे हात थांबले.

"कोणी सांगितलं तुला असं?"

"कोणी नाही. मीच ठरवलं होतं."

"नाही रे," त्या म्हणाल्या. "नाही रे बाळा."

तो पुढे आला. चादरीची दोन टोकं एकमेकांना लागली. तिचे हात त्याच्या हातांखाली आले. साबणानं आणि वर्षांनी कडक झालेले हात. घडी पुरी झाली होती, ती कोणीतरी उचलून टोपलीत ठेवायला हवी होती. दोघांपैकी कोणीच सोडली नाही.

"पाऊस येतोय," भिंतीपलीकडून मॉरीन ओरडली. "तुमचे कपडे."

थेंब खरंच पडायला लागले होते. दोरीवर एक उशीचा अभ्रा अजून राहिला होता, आणि तो भिजत होता.